मिचिएआजींचं पाणी

आमच्या घरी आलेल्या माणसाला आधी पाणी मिळतं. मग तो बाबांच्या ऑफिसातला साहेब असो, नाहीतर पाइप तुंबला म्हणून बोलावलेला प्लंबर. पुण्याहून निघताना आईने स्टीलची फुलपात्रं टॉवेलात गुंडाळून बॅगेत भरली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "अगं, तिकडे काचेचे ग्लास मिळतात." आई म्हणाली, "मिळू देत की." न्यूझीलंडमधल्या हिल्सबरोच्या घरात ती फुलपात्रं सिंकच्या वरच्या फळीवर पालथी मांडलेली असत. दाराची बेल वाजली की आईचा हात आधी तिकडे जाई, मग दाराच्या कडीकडे. बूट बाहेर काढून आत आलेला प्लंबर ते फुलपात्र जरा निरखून बघे, उभ्याउभ्या पिऊन टाके आणि "चीअर्स" म्हणून परत करी. आईला ते फार आवडायचं. "बघा, कसा नीट प्यायला," असं ती तो गेल्यावर म्हणे, एखाद्या हट्टी मुलाने ताट संपवल्यासारखं.

घर लाकडी होतं आणि टेकडीच्या उतारावर होतं. मागच्या खिडकीतून मानुकाउची खाडी दिसे. ओहोटीला ती सगळी राखाडी चिखल होऊन जाई आणि तिच्यावरून विमानं इतकी खाली येत की रेवा त्यांच्या शेपटीवरचे रंग ओळखायची. सकाळी आधी टुई पक्षी खाकरत, मग आईचा मिक्सर. आई हॉस्पिटलच्या फार्मसीत होती, बाबा जुन्या इमारती भूकंपासाठी मजबूत करणाऱ्या कंपनीत. उपासाच्या दिवशी आई कुमराचा कीस करायची. कुमरा म्हणजे इथलं रताळंच, पण बाबा प्रत्येक वेळी "रताळ्याची सर नाही" म्हणत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत. रेवा, माझी बहीण, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला सगळं मराठी कळे, पण तोंड उघडलं की इंग्लिश. मी सोळा वर्षांची, आणि माझं तोंड कुठल्याच भाषेत फारसं उघडत नसे. पुण्यात मी कॉन्व्हेंटमध्ये होते, इंग्लिश निबंधांना बक्षिसं मिळायची. इथल्या वर्गात मी बोलले की मुलं नम्रपणे "सॉरी?" म्हणत. मी पुन्हा तेच बोले, ती पुन्हा "सॉरी?" म्हणत. तिसऱ्यांदा बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी पहिल्यांदा बोलणंच सोडलं होतं. हे प्रकरण मी मराठीत लिहिते आहे याचं आईला अजून नवल वाटतं. ऱ्हस्वदीर्घ तीच तपासते.

शेजारी मिचिएआजी राहायच्या. त्या मूळच्या हिरोशिमाच्या. एका न्यूझीलंडर खलाशाशी लग्न करून तरुणपणीच इथे आल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा डेव्हिड टाकानिनीला राहायचा. त्यांच्या फिजोआच्या झाडाच्या फांद्या कुंपणावरून आमच्याकडे यायच्या. हिवाळ्याच्या तोंडाला पेरूसारखी हिरवी फळं आमच्या गवतावर धपधप पडायची. आईने पहिल्या वर्षी ती बादलीत गोळा करून परत नेऊन दिली. मिचिएआजी हसल्या आणि तीच बादली भरून पुन्हा आमच्याकडे आली. मग आईने फिजोआचं पंचामृत करून डबाभर पाठवलं. तो डबा परत आला तेव्हा त्यात भाताचे तिकोनी गोळे होते. रिकामा डबा परत करायचा नसतो हे त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं, आणि आईच्या मनात त्यांची जागा तिथेच पक्की झाली. आम्ही त्यांना आजी म्हणायला लागलो. त्यांनी त्याचा अर्थ विचारला, आम्ही सांगितला, त्या "ओके" म्हणाल्या.

अडचण फक्त पाण्याची होती. पहिल्यांदा त्या आमच्या घरी बसल्या तेव्हा आईने रीतसर फुलपात्र पुढे केलं. मिचिएआजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मान लववली आणि न पिता टेबलावर ठेवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पाठोपाठ आलेला चहा मात्र त्या आवडीने प्यायच्या, आणखी अर्धा कपही घ्यायच्या.

"आपल्या हातचं पाणी चालत नाही वाटतं त्यांना," एकदा त्या गेल्यावर आई म्हणाली. आवाज साधाच होता, पण ती ओटा पुसत होती तो आधीच पुसलेला होता.

"जपानमध्येही सोवळंओवळं असतं का?" बाबा म्हणाले. "आणि चहात काय असतं मग? पाणीच ना?"

"ते उकळलेलं."

"म्हणजे तुझ्या आत्याबाईंसारखं झालं हे. दुसऱ्यांच्या घरी दूध चालायचं, पाणी नाही."

"तेच तर म्हणतेय. इतक्या लांब येऊन पुन्हा तेच."

"शी'ज जस्ट नॉट थर्स्टी, आई," रेवा म्हणाली.

"तहानेचा प्रश्न नाहीये," आई म्हणाली. "आणि त्या घेवोत न घेवोत, मी ठेवणार. आपली पद्धत आपण का सोडायची?" त्या पाण्याला कोणाचं तोंड लागलेलं नसे, म्हणून ती ते खिडकीतल्या तुळशीला घालायची.

जी माणसं बोलत नाहीत ती बघत बसतात. मला एक दिसलं होतं. मिचिएआजी ते फुलपात्र स्वतःपुढे ठेवत नसत. त्या नेहमी टेबलाच्या कडेच्या खुर्चीवर बसत आणि फुलपात्र डावीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवत, नीट, टेबलाच्या कडेपासून थोडं आत, जिथे त्या खुर्चीवरच्या माणसाच्या हाताला येईल अशा बेताने. मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते?

त्यांची चित्रं मी पाहिली ती मांजरामुळे. त्या डेव्हिडकडे गेल्या की मांजराला खायला घालायचं काम माझ्याकडे असे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खडूंनी काढलेली चित्रं पसरलेली होती. चित्रकलेच्या तासाला अशा चित्रांना कोणी मार्क दिले नसते. माणसं काड्यांसारखी, घरं तिरकी. पण ती माणसं दोन्ही हात पुढे धरून चालत होती आणि हातांवरून कातडी लांब बाह्यांसारखी लोंबत होती. एका चित्रात नदी होती आणि नदीत पाणी दिसायला जागा नव्हती. एका चित्रात काकडीचा वेल होता आणि लोक काकड्या फोडून अंगाला लावत होते. एका चित्रात नुसता घोडा, पूर्ण गुलाबी, उभा. प्रत्येक चित्रावरच, आभाळात किंवा रस्त्यावर, जपानीत काहीतरी लिहिलेलं होतं. मी मांजराला खायला घातलं, घरी आले आणि जेवले. वरणभात होता. बाह्या दुमडून जेवले, एवढं आठवतं.

आठवड्याने मिचिएआजींनीच विचारलं, "तू पाहिलीस?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या की दर ऑगस्टमध्ये जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये हिरोशिमाच्या आठवणीसाठी एक लहानसा कार्यक्रम होतो, तिथे यंदा ही चित्रं लावायची आहेत. आता हात कापतो, शिवाय डेव्हिड त्यांना टाकानिनीला नव्या घरी घेऊन जाणार आहे, तेव्हा हीच वेळ. चित्रांखाली इंग्लिशमध्ये चिठ्ठ्या हव्या होत्या. "तुझी आई सांगते, तुझं इंग्लिश फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या हिवाळ्यात शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊ लागले. हीटरजवळ बसून त्या चित्रावरचं जपानी मोडक्या इंग्लिशमध्ये सांगत, मी ते चांगल्या इंग्लिशमध्ये लिही. घोड्याच्या चिठ्ठीवर मी 'काळीज पिळवटणारं' अशा अर्थाचा एक भारी शब्द घातला होता. निबंधाच्या सवयीने.

"हा शब्द काय?"

मी अर्थ सांगितला.

"घोड्याने असं काही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "काढून टाक. लिही, घोडा. कातडी नाही. जिवंत होता."

तसं लिहिलं. एका चित्रात रस्त्याकडेला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जपानीत होतं: 'ह्यांनी मला स्टेशनची वाट विचारली. मी पळाले.' तेही तसंच लिहिलं. त्या कामात मला बोलावं कमीच लागे आणि मला कोणी "सॉरी?" करत नसे. मला वाटतं, त्या घरात मी पहिल्यांदा पूर्ण वाक्यं बोलायला लागले.

एका रविवारी आईने त्यांना जेवायला बोलावलं होतं. बाबा खुशीत होते. हॉलमधल्या कार्यक्रमाचा विषय निघाला. शाळेत आमच्या बाई अभिमानाने सांगायच्या की हा देश अणुमुक्त आहे, ते मी सांगितलं. त्यावर बाबा सहज म्हणाले, "आमच्या देशाने अणुचाचणी केली ना, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. मी स्वतः आणले होते. काय दिवस होता." ते वाद घालत नव्हते, आठवण सांगत होते. मग त्यांनी समोर कोण बसलं आहे ते पाहिलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"पेढे म्हणजे?" मिचिएआजींनी विचारलं.

"मिल्क स्वीट," रेवा म्हणाली. "इट्स अ हॅपी थिंग."

मिचिएआजींनी मान डोलावली. "आमच्याकडे चेंडू वाटले होते. आमच्या सैन्याने दक्षिणेकडचं मोठं शहर जिंकलं तेव्हा शाळेतल्या मुलांना रबरी चेंडू दिले. मी लहान होते, मला नाही मिळाला. कियोकोला मिळाला. कियोको माझी मोठी बहीण. फार चांगला चेंडू होता, खूप उंच उडायचा." मग त्या आईकडे वळून म्हणाल्या की आमटी छान झाली आहे. रात्री आईने बाबांना "लागलं का तुम्हाला?" विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यांनी लावलं नाही गं. त्यांनी नुसतं सांगितलं."

सगळ्या चिठ्ठ्या लिहून झाल्या आणि एक चित्र उरलं. ते कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. त्यांनी ते टेबलावर आणलं. ओसरीवर एक मुलगी पडलेली होती, घरापेक्षा मोठी काढलेली. लाल आणि तपकिरी खडू संपेस्तोवर वापरले होते. शेजारी एक लहान मुलगी, तिच्या हातात पोचा आलेली पिवळी किटली. खाली पायरीवर चेंडू. या चित्रावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

कियोको त्या सकाळी शाळेतल्या मुलींबरोबर शहरात काम करायला गेली होती. दुपारी आपल्या पायांनी घरी आली. आई तिलाच शोधायला गेलेली, घरी फक्त आठ वर्षांची मिचिए. शेजारचे एक काका सगळ्यांना ओरडून सांगत फिरत होते, भाजलेल्यांना पाणी देऊ नका, पाणी प्यायले की मरतात. कियोकोने पाणी मागितलं. मिचिएने किटलीच्या नळीने एक घोट तिच्या तोंडात घातला. कियोको म्हणाली, "आणखी." मिचिएला काकांचं आठवलं. तिने किटली तांदळाच्या पेटीमागे लपवली. कियोको बराच वेळ मागत राहिली, मग मागायची थांबली. आई संध्याकाळी आली.

"एक घोट दिला म्हणून ती गेली, किंवा तहानलेली गेली," मिचिएआजी म्हणाल्या. "दोन्हीतलं एक खरं असणार. कुठलं ते मला कळत नाही." मग म्हणाल्या, "ह्याची चिठ्ठी लिहू नकोस. मला बोलता येणार नाही. तिथे उभी राहून तू सांग. एकदा."

मला नाही म्हणायचं होतं. मी हो म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिने चित्र कसं आहे ते विचारलं, मी सांगितलं. आई म्हणाली, "रेवाला नाही न्यायचं मग."

"आय'म नाइन," रेवा म्हणाली.

"म्हणूनच."

"शी वॉज एट."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी हिला का सांगितलं म्हणून. मी सांगितलं नव्हतं. दाराआडून तिने ऐकलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये थंडी होती आणि आम्ही सगळे गेलो, रेवासुद्धा. हॉल सांभाळणारी जूडिथ मायाळू बाई होती. तरुणपणी तिने अणुचाचण्यांविरुद्ध मोर्चे काढले होते, तेव्हाचा बिल्ला अजून कोटाला लावायची. तिने सगळी चित्रं छान टांगली होती. शेवटचं मात्र भिंतीवर नव्हतं. "लहान मुलं खूप येणार आहेत," ती डेव्हिडला म्हणत होती, "हे एक आपण आत ठेवू. ज्याला बघायचं त्याने आत जाऊन बघावं." डेव्हिडही हळूच आईला म्हणाला, "मम, कदाचित बरं होईल तसं." मिचिएआजी पुढच्या रांगेत बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

मी आत गेले. चित्र किचनमध्ये, सिंकला टेकवून ठेवलेलं होतं. एक बाई चहासाठी पाणी भरत होत्या आणि नळ सुरू होता. शिंतोडे उडून चित्राचा कोपरा ओला झाला होता, बरोबर किटलीच्या बाजूचा. मी तो बाहीने टिपला. चित्र उचललं, बाहेर आणलं आणि मिचिएआजींच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. डावीकडच्या. जूडिथ पुढे आली, मी तिला म्हटलं, "त्यांनी मला सांगायला सांगितलंय." तिने "सॉरी?" केलं. मी तेच पुन्हा म्हटलं, मोठ्याने, आणि मग थांबलेच नाही. जसं ऐकलं तसं सांगितलं. ओसरी, किटली, काका, एक घोट, आणखी, तांदळाची पेटी. भारी शब्द एकही नव्हता. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, पण लोक ऐकत होते. सांगून झाल्यावर पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

तेव्हा रेवाने हात वर केला, वर्गात करतात तसा. "डिड द वॉटर किल हर?"

डेव्हिडने मान खाली घातली. जूडिथ म्हणाली, "स्वीटी, ते नंतर..." मिचिएआजी रेवाकडे बघत होत्या, आणि मला दिसलं की उत्तराची वाट त्याच बघत होत्या.

"नाही," मागून आईचा आवाज आला. ती उभी राहिली होती. फार्मसीच्या काउंटरवरून गोळ्या कशा घ्यायच्या सांगते, त्या आवाजात ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "मी हॉस्पिटलमध्ये औषधांचं काम करते. इतकं भाजल्यावर शरीरातलं पाणी निघून जातं, म्हणून तहान लागते. एका घोटाने माणूस मरत नाही. ती भाजल्यामुळे गेली. आणि किटली मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून लपवली गेली. आठ वर्षांची मुलगी मोठ्यांचंच ऐकते." एवढं बोलून ती खाली बसली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

मिचिएआजींनी दोनदा मान हलवली, डॉक्टरांचं ऐकताना हलवतात तशी. चित्र संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर होतं. मुलं आली, बघून गेली. काहींनी चेंडूबद्दल विचारलं.

आम्ही घरी निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "सई, ते फुलपात्र त्या कुठे ठेवतात गं?"

"डावीकडच्या खुर्चीपुढे."

"नेहमी?"

"नेहमी."

"आणि मी म्हणत बसले, पाणी चालत नाही," आई म्हणाली. सोवळ्याचा विनोद बाबांनी पुन्हा कधी केला नाही.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला राहते. मिचिएआजी टाकानिनीला गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. चित्रं डेव्हिडने एका संग्रहालयाला दिली, माझ्या चिठ्ठ्यांसकट. लोक मला कधी त्या हॉलबद्दल विचारतात, तेव्हा मी सांगते. मला स्वतःला जास्त आठवतो तो त्यानंतरचा रविवार. मिचिएआजी आमचा डबा परत करायला आल्या होत्या, आत उकडलेले गोड बीन्स. बेल वाजल्यावर आईचा हात फळीकडे गेला. तिने एक फुलपात्र घेतलं, थांबली, दुसरं घेतलं. दोन्ही भरली. मिचिएआजी नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. आईने एक फुलपात्र डावीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं, टेबलाच्या कडेपासून थोडं आत. मग दुसरं त्यांच्यापुढे.

मिचिएआजी दोन्हीकडे बघत राहिल्या. त्यांनी डावीकडे वळून हात जोडले. मग आपलं फुलपात्र दोन्ही हातांनी उचललं आणि सावकाश, एका दमात, सगळं प्यायल्या. रिकामं फुलपात्र खाली ठेवलं आणि बोटाने जरा पुढे सरकवलं.

"आणखी," त्या म्हणाल्या, "प्लीज."

आईच्या आधी रेवा उठली. तिने नळ सोडला आणि फुलपात्र पार काठापर्यंत भरलं.